छपराखालचं पीक, उघड्यावरचा दर

कोल्हापूरहून सांगलीच्या रस्त्याला लागलं की हातकणंगल्यापर्यंत ऊस काही पाठ सोडत नाही. पुढं जमीन थोडी चढते, काळं रान संपून मुरमाड माळ सुरू होतो आणि कोंडिग्र्याच्या बाजूला वळलं की माळावर पांढरी छपरं चमकायला लागतात. नवख्या माणसाला ती कोंबड्यांची शेडं वाटतात. आत गुलाब असतो, जरबेरा असतो, कुठं कार्नेशन, कुठं लाल-पिवळी ढबू मिरची.

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. उघड्यावरची शेती आणि छपराखालची शेती, दोन्हींचे कागद वाचले आणि दोन्हींच्या बांधावर उभा राहून पाहणीचे अहवालही लिहिले. आता निवृत्त झालो, तरी रविवारी कुणीतरी पोरगा गाडी दारात लावतोच. "काका, दहा गुंठे पॉलीहाऊस टाकावं म्हणतोय, काय सांगता?" मी आत चहा सांगतो आणि त्याला बसवतो. तो पिकाबद्दल विचारत असतो आणि मला त्याच्याशी दराबद्दल बोलायचं असतं, त्यामुळं गाडी रुळावर यायला एक कप चहा लागतोच.

पॉलीहाऊस म्हणजे जीआय पाइपांचा सांगाडा आणि त्यावर २०० मायक्रॉनचा कागद. कागद म्हणायचं, पण असतं प्लॅस्टिक; उन्हानं लवकर कुजू नये म्हणून त्यात खास द्रव्य मिसळलेलं असतं. तरी तीन-चार वर्षांत तो धुरकट होतो, कडकतो आणि बदलावा लागतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीत तो झिगझॅग स्प्रिंगनं दाबून बसवतात. बाजूला गुंडाळता येणारे पडदे, माथ्यावर वाऱ्यासाठी कायमची मोकळी फट आणि तिला किडी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी. खाली ठिबक, वर धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फॉगर.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, आत ऊब राहावी म्हणून. ते थंड मुलखासाठी खरं आहे. तिथंही ऊब का राहते याचं शाळेतलं उत्तर अपुरं असतं. काचेतून ऊन आत येतं आणि उष्णता बाहेर जात नाही, असं आपण पाठ केलेलं. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये दोन पेट्या घेतल्या, एकीला काचेचं झाकण लावलं आणि दुसरीला सैंधवाच्या पातळ तक्त्याचं. सैंधवातून उष्णतेचे किरण आरपार जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य काम किरण अडवण्याचं नव्हतंच, तापलेली हवा वर निघून जाऊ न देण्याचं होतं. वारं कोंडलं की ऊब राहते. गोठ्याला हिवाळ्यात पोती बांधणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडं मात्र उलटी तऱ्हा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये आत ऊब कोण मागतंय? माथ्यावरची फट उघडी, पडदे वर आणि दुपारी फॉगर चालू, अशी सगळी धडपड आतली गरमी बाहेर काढायची. आपल्या पॉलीहाऊसचं छप्पर थंडीसाठी नाहीच. ते पावसासाठी आहे, आणि कडक उन्हाला थोडं मवाळ करण्यासाठी. पाकळीवर पावसाचा थेंब बसला की डाग पडतो आणि डाग पडलेलं फूल बाजारात पडून राहतं. सगळा खटाटोप त्या डागासाठी.

अवेळी खाण्याचा हव्यास तसा जुना. रोमचा बादशहा टायबेरियस याला जवळपास रोज काकडी लागायची, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. माळ्यांनी वाफे चाकांवर बसवले होते. ते उन्हात ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली ठेवायचे. बादशहाची हौस, हिशोब विचारणारं कोण? सामान्य शेतकऱ्याला छप्पर परवडायला लागलं ते प्लॅस्टिक आल्यावर. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकाला काचघराचा खर्च झेपेना, म्हणून १९४८ मध्ये त्यानं लाकडी सांगाड्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणला. आज स्पेनच्या अल्मेरिया भागात तीस हजार हेक्टरांवर असली छपरं आहेत आणि उपग्रहाच्या चित्रात तो किनारा पांढरा दिसतो. आपली कोंडिग्र्याची छपरं त्याच कुळातली.

आता आपल्या जिल्ह्याचा पाऊस बघा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो आणि शिरोळात पाचशेच्या आसपास. मधे अंतर फार तर शे-सव्वाशे किलोमीटर. पश्चिमेच्या भातपट्ट्यात पिकाला पाऊस हवा असतो, अंगावर हवा असतो, गुडघाभर हवा असतो. तिथं छप्पर पिकाच्या डोक्यावर नव्हतं, लावणीच्या बायकांच्या डोक्यावर होतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. वाकून रोप लावताना पाठ पूर्ण झाकली जायची आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. आता इरल्याच्या जागी प्लॅस्टिकची खोळ आली. बाई भिजू नये, भात भिजावं, हा त्या शेतीचा साधा हिशोब. आजऱ्याचा घनसाळ असाच उघड्या पावसात पिकतो आणि तरी त्याला भौगोलिक मानांकन आहे.

मात्र पिकावर छप्पर घालायची विद्या आपल्याकडं कुणी परदेशातून आणली, असं समजायचं कारण नाही. मिरज-शिरोळच्या पट्ट्यात पानमळे होते, अजूनही काही आहेत. लहानपणी आईच्या माहेरी मी पानमळ्यात जायचो. आत शिरण्याआधी चप्पल काढावी लागे, हा पहिला नियम. मळ्यात देवी असते म्हणायचे. आत पाऊल टाकलं की अंगावरचं ऊन एकदम उतरायचं. ओळीनं उभी शेवरी, शेवगा, हादगा, मधूनच पांगारा. त्यांच्या अंगाला लव्हाळ्यानं बांधलेल्या पानवेली. भोवतीनं वारं अडवायला केळी आणि गच्च कुंपण. शेवरीचा पाला दाट झाला की मामा वरनं छाटायचे, ऊन जास्त वाटलं की तसाच ठेवायचे. पाणी थोडं थोडं आणि सारखं. वेल फार वर गेली की वर्षातून एकदा तिची उतरण व्हायची, म्हणजे वेल खाली घेऊन, तिचं वेटोळं मातीत दाबून शेंडा पुन्हा वर चढवायचा. पानं खुडणारा गडी अंगठ्याला पत्र्याची नखी घालायचा आणि देठ असा तोडायचा की वेलीला हिसका बसू नये. तेव्हा ते काम मला फार सोपं वाटलं होतं. नखी मागून घेतली, दोन पानं फाडली, मामांनी नखी काढून घेतली.

सावली मोजून देणं, वारं अडवणं, ओल टिकवणं, आत येणाऱ्यावर निर्बंध घालणं. पॉलीहाऊसच्या दारात आज चुन्याची नाहीतर जंतुनाशकाची पायधुणी असते आणि एकापाठोपाठ एक दोन दारं असतात. आतलं उघडायच्या आधी बाहेरचं लावायचं. आमच्या मामांचा नियम तोच, फक्त राखणदार देवी होती. फरक एवढाच की शेवरीचं छप्पर दर तीन-चार वर्षांनी कंपनीकडून विकत आणावं लागत नव्हतं.

माझे चुलते, आप्पा, आमच्या घरातले शेवटचे पक्के ऊसवाले. नदीकडची मळी, काळी कसदार जमीन. त्यांचा धाकटा मुलगा आमच्यात पहिला पॉलीहाऊसवाला. त्यानं छप्पर टाकलं ते मळीत नाही, तर आजोबांनी फुकट गेलेली म्हणून सोडून दिलेल्या माळाच्या तुकड्यावर. आप्पांना ते बरेच दिवस पटलं नव्हतं. "काळी सोडून खडकावर फुलं लावतोय," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पण पोराचं बरोबरच होतं. काळी माती पाणी धरून ठेवते, जरबेऱ्याच्या मुळ्या त्यात सडतात. पॉलीहाऊसला लागते लाल, निचऱ्याची माती. ती पन्हाळ्याच्या बाजूनं ट्रकानं आणायची, त्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळायचं, मग निर्जंतुक करायची आणि गुडघ्याच्या उंचीचे बेड बांधायचे. खालची जमीन कसली आहे याला फारसा अर्थच उरत नाही. ती सपाट हवी, पाणी न तुंबणारी हवी आणि जवळ लाईट हवी. चार पिढ्या ज्या काळीवर भाऊबंदकीच्या केसी चालल्या, तिला छपराखाली किंमत शून्य. हे आप्पांना जड गेलं असेल तर त्यात नवल नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही तुंबल्या आणि मळीतला ऊस दिसेनासा झाला. पाणी उतरल्यावर आप्पांबरोबर मी रानात गेलो होतो. सगळा फड करड्या रंगाचा, शेंड्यापर्यंत गाळ. आप्पांनी एक ऊस मोडला, शेंड्याचा पोंगा ओढला. तो सहज हातात आला, बुडाशी कुजलेला. ऊस उभा दिसत होता, पण पोंग्यात गाळ बसला की त्याची वाढ तिथंच संपते. मग कांड्यांवरचे डोळे फुटतात, पांगशा निघतात, आणि वजन घटत जातं. आप्पांनी विळ्यानं कांडं उभं चिरलं. आत लालसर डाग होते आणि आंबूस वास. त्यांनी ते खाली टाकलं नाही, बांधावर नेऊन ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

माळावरचं पॉलीहाऊस त्या पुरात कोरडं होतं. पोरगं तेव्हा काही बोललं नाही, पण गावात बोलणारे होतेच. आता छपराशिवाय शेती नाही, असं काही दिवस सगळे म्हणत होते.

मी तसं म्हटलं नाही, कारण माझ्यापुढं दोन्हींचे खातेउतारे होते. ऊस उघड्यावर असतो, पण त्याचा दर छपराखाली असतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आणि २००९ पासून त्यात आलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं किमान किती द्यायचं ते सरकार हंगामाआधी ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी, क्विंटलला ३५५ रुपये ठरली होती. आपल्याकडं उतारा त्याहून चांगला पडतो, म्हणून दरही वर चढतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं कायदा सांगतो. वेळेवर मिळतात का, त्यावर वाद, आंदोलनं, जयसिंगपूरची ऊस परिषद, सगळं आहे. पण भांडायला एक आकडा तरी आहे. त्या आकड्यावर बँक डोळे झाकून पीककर्ज देते आणि वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर होते. इतकं निवांत कर्जखातं दुसऱ्या पिकाचं मी पाहिलेलं नाही. उसाला आळशी माणसाचं पीक म्हणतात ते या आकड्यामुळं. ज्यानं जूनमध्ये भरणी केलीय आणि रात्रीच्या लाईटीत साप चुकवत पाणी पाजलंय, त्याच्यासमोर मात्र हे वाक्य उच्चारू नये.

जरबेऱ्याचं बरोबर उलटं. पीक छपराखाली, दर उघड्यावर.

गुळाचा दरही तसा उघड्यावरच होता. पण गुळाला पेठ होती. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुऱ्हाळवाल्याला आपली ढेप कुठं न्यायची हा प्रश्न राहिला नाही. बैलगाडीनं सकाळी निघावं, सौद्याला उभं राहावं, बोली आपल्या कानानं ऐकावी, संध्याकाळी घरी यावं. दर पडला तरी तो आपल्या डोळ्यांदेखत पडायचा. शिवाय गूळ चार दिवस थांबू शकतो. फुलाचं काय? कोंडिग्र्याचं फूल रात्री बसच्या टपावर नाहीतर डिकीत बसून मुंबईला, हैदराबादला जातं. किती वाजता पोचलं, किती विकलं, किती फेकलं, हे दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळतं. पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशोब, येते तेव्हा तिच्यावर वाद घालायला माल शिल्लक नसतो.

चुलतभावाकडं एकदा मी सकाळच्या तोडीला मुद्दाम थांबलो. उजाडलेलं असतं, पण कागदातून येणारा उजेड कुणीतरी गाळून दिल्यासारखा असतो, कशाचीच सावली पडत नाही. जरबेरा कापत नाहीत. मधल्या चकतीच्या कडेच्या दोन-तीन ओळी उमलल्या की फूल तोडीला आलं. दांडा बुडापाशी धरायचा, थोडा आडवा वाकवायचा, पिळायचा आणि ओढायचा. बरोबर जमलं तर तो बारीक 'टक्' आवाज करून टाचेपासून सुटतो. कापला तर खुंट राहतो, खुंट कुजतो, बुरशी झाडात जाते. दोन बायका दोन ओळींत होत्या, गप्पा मारत, हाताकडं न बघता. दांडे पाण्याच्या बादलीत. मग शेडमध्ये प्रत्येक फुलाला पारदर्शक टोपी, दहांची गड्डी, रबर, खोका. एका फुलामागं हातांचे इतके व्यवहार. त्यातली थोरली, पन्नाशीची बाई, आधी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायची. मी विचारलं, "कसं वाटतं इथलं काम?" म्हणाली, "सावली हाय, पाठीवर वजन न्हाई. पर दिवाळीबिवाळी काय न्हाई बगा. फूल रोजच उमालतंय."

रोज उमलतंय, हेच ते. जरबेऱ्याला लावणीनंतर तिसऱ्या महिन्यात फुलं सुरू होतात आणि पुढं अडीच-तीन वर्षं ती थांबत नाहीत. मुहूर्ताच्या दिवसांत एक फूल दहा रुपयांच्या घरात जातं. पितृपंधरवड्यात तेच रुपया-दीड रुपयाला कुणी विचारत नाही. पण झाडाला पितृपंधरवडा कळत नाही. तोडलं नाही तर झाडाची ताकद जाते, म्हणून मजुरी देऊन तोडायचं आणि उकिरड्यावर टाकायचं. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देश त्याच दिवशी बंद झाला. पाडव्यासाठी आणि पुढच्या लग्नसराईसाठी फुलांनी भरलेली पॉलीहाऊसं तशीच राहिली. एरवी पाहुण्यांना अभिमानानं फिरवायचे ती शेडं, तिथं शेतकरी सकाळी फुलं तोडून ट्रॉलीनं खड्ड्यात ओतत होते. त्याच दिवसांत साखर कारखान्यांची धुराडी मात्र चालू राहिली.

त्या वर्षानंतर एकदा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, फूल चांगलं आलं की पोटात गोळा येतोय." मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं समजावलं. थंडीत हवा मानवली की माझंच फूल चांगलं येतं असं नाही, सगळ्यांचंच येतं. नाशिकपासून बंगळुरूपर्यंत. बाजार एकच.

आणि समोर प्लॅस्टिकची फुलं. मंडपाची कमान आता बघा, वरचा निम्मा भाग धुऊन पुन्हा वापरता येतो. फूलशेती करणारे त्यावर बंदी मागत आलेत. मी एका लग्नात जवळ जाऊन चाचपून पाहिलं, गुलाब खोटा होता आणि त्याच्यावर मारलेलं पाणी खरं.

कर्जाच्या फायलीत हे कुठं दिसतं? दिसत नाही. प्रकल्प अहवाल सुबक असतो. दहा गुंठे, जागेच्या चौरस मीटरला सहा झाडं, झाडामागं वर्षाला अमुक फुलं, फुलाला सरासरी इतका दर. वर्षाचे सगळे दिवस तोच दर. कागद जोडून पाच वर्षांचा ताळेबंद नफ्यात. शेड, माती, रोपं, ठिबक धरून खर्च दहा-पंधरा लाखांच्या घरात जातो. अनुदान मिळतं, पण काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर आणि कर्जखात्यात. हप्ता मात्र सरासरीनं येत नाही, तारखेनं येतो. ज्यांचं पॉलीहाऊस टिकलं त्या लोकांकडं मी नीट पाहिलंय. त्यांच्याकडं बहुधा दुसरं काहीतरी होतं: मळीतला ऊस, गोठ्यात चार म्हशी, घरात एक पगार. पॉलीहाऊसवर सगळी घागर ओतलेला माणूस पहिल्या वाईट पावसाळ्यात नाही, पहिल्या वाईट हंगामी बाजारात गेला.

पावसाला बाहेर ठेवण्याची आणखी एक किंमत आहे, ती उशिरा कळते. उघड्या रानात जूनचा पाऊस जमिनीतले क्षार धुऊन खाली नेतो. छपराखाली रोज ठिबकमधून खत जातं आणि वरून एक थेंब पडत नाही, त्यामुळं खताचं मीठ बेडमध्ये साचत राहतं. मग अधूनमधून नुसतं पाणी सोडून बेड धुवावे लागतात, निचऱ्याच्या पाण्याचा ईसी, म्हणजे खारेपणाचा आकडा, मोजावा लागतो. मुळं खाणारे सूत्रकृमी आले की माती बदलण्यापर्यंत पाळी येते. अर्थात मीठ वर येण्याची विद्या उसालाही येते. शिरोळात पाट भरभरून पाणी पाजून हजारो एकर क्षारपड झाले, आता तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढतात. म्हणजे एकानं पाऊस अडवून मीठ वाढवलं, दुसऱ्यानं पाणी ओतून. दोन्हीकडं पाइपच आले.

काकडीबद्दल मात्र माझं मत पक्षपाती आहे. पॉलीहाऊसच्या काकडीला मधमाशी लागत नाही. तिच्या जातीच अशा की परागीकरणाशिवाय फळ धरतं, म्हणून आत बी नसतं. बारीक जाळीतून माशी आत येऊच शकत नाही, मग दुसरं करणार काय? सरळ, सारख्या लांबीची, पातळ सालीची काकडी. हॉटेलवाल्याला हीच हवी. कपिलतीर्थ मंडईत मी तिच्याकडं न बघता पुढं जातो आणि कुणातरी म्हातारीच्या पाटीतली, वाकडी, अर्धी पिवळी, गावरान काकडी घेतो. देठाकडचं टोक कापून त्यानंच घासून फेस काढायचा, आणि इतकं करूनही एखादी कडू निघते. बायको म्हणते, पैसे देऊन जुगार खेळताय.

ढबूचं मला कौतुक आहे पण. उघड्यावरची ढबू हिरवीच तोडतात, कारण लाल होईपर्यंत थांबली तर ऊन लागतं नाहीतर कीड. छपराखाली तिला दोऱ्यांवर माणसाच्या डोक्याच्या वर चढवतात आणि रंग भरेपर्यंत थांबता येतं. तो थांबण्याचा वेळ छप्पर विकत घेतं.

तर रविवारी येणाऱ्या पोरांना मी सांगतो एवढंच: आधी फूल कुठं जाणार ते ठरव, पट्टी कोण पाठवणार त्याच्या दुकानात एक दिवस बसून ये, पितृपंधरवड्यातच जा, आणि मग सांगाड्याचं कोटेशन माग. निम्मे पुन्हा येत नाहीत. एकजण आला, म्हणाला, "काका, तुम्ही म्हणलासा तसं गेलो. दुकान बंद होतं." मी म्हटलं, मग कळलं की.

या वर्षी चुलतभावाच्या शेडचा कागद बदलायला आला आणि झाडंही म्हातारी झाली. नवीन जरबेरा लावावा की नको, यावर घरात महिनाभर चर्चा झाली. शेवटी त्यानं एका बाजूला फुलं ठेवली आणि बाकी सगळ्या शेडमध्ये ट्रे मांडले. त्यात उसाची रोपं. एक डोळ्याचा तुकडा, कोकोपीट, महिना-सव्वा महिना सावलीत, मग रानात. जुन्या पद्धतीत एकराला दोन डोळ्यांच्या दहा हजार टिपऱ्या लागायच्या, म्हणजे बेण्यातच कितीतरी ऊस जमिनीत जायचा. आता पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप धरलं तर एकराला साडेचार हजारांच्या आत भागतं. बेणं वाचतं, नांग्या, म्हणजे मधे रिकाम्या जागा, पडत नाहीत, आणि आडसाली लावणीआधी रान महिनाभर मोकळं मिळतं. भाव ठरलेला, आगाऊ रक्कम घेऊन बुकिंग, गिऱ्हाईक पंचक्रोशीतलं. टोपी नाही, खोका नाही, हैदराबाद नाही.

आप्पा बघायला आले. आत शिरताना त्यांनी चप्पल काढली; सवय. ट्रेवर हात फिरवत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आपल्या दीड एकराला मला लागतील. शहाऐंशी-झिरो-बत्तीस जातीचीच दे. काय दर?"

"अडीच रुपये रोप."

"घरच्याला पन?"

"रोख देताय न्हवं? मग सव्वादोन."